फारकत हा शब्द कुणाचा

व्यंकटराव, तेराव्याच्या पंगतीत तुमचा मधुकर माझ्या पानात भात वाढता वाढता म्हणाला, "काका, तुमचं आन् बापूंचं बोलणं का बंद होतं?" मी म्हणालो, "बोलणं बंद होतं, भांडण चालू होतं." शेजारचे दोघे हसले. मधुकर हसला नाही. त्याला वाटलं असेल, विटांचा धंदेवाला, माझ्या बापाच्या तेराव्यालाही वाकडंच बोलतो. पण मी खरं तेच सांगितलं होतं. दोन वर्षं आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि त्या दोन वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मी भट्टीवर उभा राहून मनात तुमच्याशी वाद घातला नाही. आता तुम्ही उठून गेलात. सौदा अर्धा, माल उघड्यावर आणि समोरचा माणूसच नाही. बाजारात कुणी असं केलं असतं तर त्याला मी पुन्हा दारात उभं केलं नसतं.

तुम्ही अर्जनवीस होतात. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचात आणि ज्याला आपलं म्हणणं सरकारच्या भाषेत मांडता येत नाही त्याचं म्हणणं लिहून द्यायचात. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. त्यामुळे मराठी लिहितानाही तुमच्या तोंडात उर्दू शब्द घोळत असायचे. नामांतराच्या पहिल्या पावसाळ्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा तुम्ही जळालेल्या घरांचे अर्ज फुकट लिहून देत होतात, आणि म्हणून तुमच्याच गल्लीतली माणसं तुमच्यापुढे बसेनाशी झाली होती. मी तेव्हाच पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. मला भट्टीसाठी नदीकाठची माती काढायचा परवाना पाहिजे होता. लोक अजून म्हणतात, किशनराव त्या दिवसांतही व्यंकटरावांकडे गेला, छातीचा माणूस. तुम्हाला खरं माहीत होतं. बाकीच्या अर्जनविसांपुढे रांग होती, तुमच्यापुढे नव्हती, एवढंच.

तुम्ही दर सांगितला, मी तो अर्धा करून मागितला. तुम्ही पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे सांगितलं की अर्ध्या दरात 'माती' एवढं लिहून देतो, 'परवाना' दुसरीकडून लिहून आण. मी पूर्ण दर दिला. माझ्याकडून पूर्ण दर घेणारी माणसं अख्ख्या जिल्ह्यात दोन-तीनच निघतील.

अर्ज लिहून झाला की तुम्ही तो मोठ्याने वाचून दाखवायचात. सगळ्यांना. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, राहू द्या, माझा विश्वास आहे. तुम्ही म्हणालात, "विश्वास तुझा, सही तुझी, मग कान बी तुझाच लागतो." त्यानंतर नऊ वर्षं माझा एकही कागद तुम्ही वाचून दाखवल्याशिवाय माझ्या हाती दिला नाही. मातीचे परवाने, करार, नोटिशींची उत्तरं, माझ्या भावाला लिहिलेलं वाटणीचं पत्रसुद्धा. माझी शाळा चौथीपर्यंत. आज हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे, ते नऊ वर्षं तुमचं वाचन ऐकून. वाक्य कुठे थांबवायचं, कुठल्या शब्दावर माणूस अडकतो, हे मला शाळेने शिकवलं नाही, तुमच्या लिंबाने शिकवलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही फी मागितली असती.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण आपलं भांडण शेवटी एका शब्दाचं होतं.

मुंबईच्या एका कंपनीचा कारखाना परभणीबाहेर उभा राहत होता. गोदामं, क्वार्टर्स, लांबच लांब कुंपणाची भिंत. विटांचा पुरवठा मी मिळवला: माझ्या दोन भट्ट्या आणि वालूरपासून ताडकळसपर्यंतच्या आणखी नऊ जणांच्या. कंपनीला नऊ जणांची तोंडं पाहायची नव्हती, एकच तोंड पाहिजे होतं, ते माझं. दुसऱ्या वर्षी कंपनीचे खरेदीचे साहेब एक इंग्रजी कागद घेऊन आले. दुसऱ्या कुठल्या राज्यात त्यांना दगड देणाऱ्या खाणीवर डांबून ठेवलेली माणसं सापडली होती, पेपरात आलं होतं, आणि मुंबईत ठरलं होतं की आपल्याला माल देणाऱ्या प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं: आमच्याकडचा प्रत्येक मजूर कुठल्याही बंधनातून मोकळा आहे आणि तो मोकळा असल्याचा पुरावा आमच्याकडे आहे. चांगली गोष्ट होती. मी आजही म्हणतो, चांगली गोष्ट होती.

तो कागद घेऊन मी लिंबाखाली आलो. नऊ भट्टीवाल्यांना कळेल अशा मराठीत तो उतरवायचा होता. कायद्यातला शब्द 'वेठबिगार'. तुम्ही तो लिहिलात आणि खोडलात. हा शब्द पेपरात राहतो, भट्टीवर राहत नाही, असं म्हणालात. भट्टीवरचा कुणी स्वतःला वेठबिगार म्हणवून घेणार नाही आणि कुठलाही मालक माझ्याकडे वेठबिगार आहेत असं कबूल करणार नाही. मग तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून थोडा वेळ कचेरीच्या कौलांकडे बघत राहिलात आणि एकदम तुमचा चेहरा खुलला.

"फारकत," तुम्ही म्हणालात. "असली लफ्ज फारिगखती. फारिग म्हंजे मोकळा, खत म्हंजे कागद. मोकळं झाल्याचा कागद. किशन, साहेबाला जे पायजे ते आपल्याकडं निजामाच्या बी आधीपासून हाय."

मला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. माझा बाप सालगडी होता. पाडव्याला साल संपलं आणि मालक बदलायचा असला की जुन्या मालकाची फारकत लागायची. या माणसाकडे माझं काही उरलं नाही, त्याला कुणीही कामावर ठेवावं, अशी चार ओळींची चिठ्ठी. बाप ती पटक्याच्या घडीत ठेवायचा आणि पारावर ऐटीत सांगायचा, "आपल्यापाशी फारकत हाय." मला लहानपणी मोकळा माणूस म्हणजे ज्याच्या पटक्यात फारकत आहे तो, असंच वाटायचं. बाप मोकळा नव्हताच. एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर जायची परवानगी तेवढी त्याच्या पटक्यात होती. हे कळायला मला तुमच्याशी दोन वर्षं भांडावं लागलं.

तर शब्द तुमचा आणि नियम माझा. मी म्हणालो, नुसतं लिहून भागणार नाही, साहेबाला कागद दिसल्याशिवाय माणूस दिसत नाही. तेव्हा आधीच्या मालकाची फारकत दाखवल्याशिवाय एकाही भट्टीवर मजूर ठेवायचा नाही. तुम्ही लिहिलंत, वाचून दाखवलंत, मी ऐकलं. आपल्या दोघांच्या चार कानांना काहीच खटकलं नाही.

ताडकळसच्या बाजारच्या दिवशी मी नऊही जणांना चहाच्या हॉटेलात गोळा केलं. ही माणसं अशी की भट्टीवर पिण्याच्या पाण्याचा एक माठ ठेवा म्हटलं तर तीन आठवडे खळखळ करतील. मी वादाच्या तयारीने गेलो होतो. फारकतीचा नियम वाचून दाखवला आणि नऊच्या नऊ जण पहिल्या झटक्यात हो म्हणाले. एक तर म्हणाला, हे लय आधीच व्हायला पाहिजे होतं. भाव सांगितल्याबरोबर गिऱ्हाईक हो म्हणालं तर समजावं की आपण चुकलोय, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलो. त्या दिवशी मी चहा पिऊन खुशीत घरी आलो.

आधी काय होतं? मालकाने मारलं, उपाशी ठेवलं, आजारपणात कामाला उभं केलं, की मजूर बायकोपोरांना घेऊन दहा कोसांवरच्या दुसऱ्या भट्टीवर जाऊन उभा राहायचा. उचल घेतलेली असायची, ती बुडायची, मालक शिव्या द्यायचा. पण दुसरीकडचा त्याला ठेवून घ्यायचा, कारण हंगामात हात लागतात. एवढीच एक वाट त्याला होती. ती आपण कागदाने बुजवली. आता कुठेही गेला तरी पहिला प्रश्न, फारकत आणली का? आणि फारकत देणारा तोच, ज्याच्या हातून सुटायचं आहे. साहेबांच्या फायलीत मात्र चिठ्ठ्यांची चळत वाढत होती, आणि साहेब तिच्यावर हात ठेवून म्हणायचे, "किशनराव, तुमच्यासारखा पुरवठादार आम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात मिळत नाही."

हे मला तेव्हा दिसलंच नाही, असं लिहिणार होतो. पण तुमच्यापुढे खोटं लिहायचं म्हणजे अवघड. मीही एक चिठ्ठी अडवली, व्यंकटराव. दगडू नावाचा माणूस होता, साचा हातात घेतला की दोघांचं काम एकटा करायचा. त्याचा सासरा चारठाण्याकडे अंथरुणाला खिळला होता, त्याला तिकडे जायचं होतं, तिकडच्याच एका भट्टीवर काम धरायचं होतं. माझी भट्टी पेटायला आठ दिवस होते. मी म्हणालो, देतो की फारकत, भट्टी लागू दे. भट्टी लागली, तेव्हा म्हणालो, पुढची लागू दे. त्याच्यावर मी हात उचलला नाही, झोपडीला कुलूप घातलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त चिठ्ठी दिली नाही. आणि तो राहिला. सासऱ्याला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी निरोप आला. दगडू माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि परत चिखल तुडवायला गेला. माझ्याच बापासारखा.

पारूबाई आली ती पुढच्या हंगामात. वालूरकडच्या एका भट्टीवर ती आणि तिचा नवरा सटवाजी विटा थापत होते. भट्टीवाल्याचं नाव इथे लिहीत नाही. तो माझ्यामार्फत माल द्यायचा, म्हणजे त्याच्या प्रत्येक विटेत माझा हिस्सा होता. सटवाजीचा पाय भट्टीच्या राखेत भाजला होता. मालक त्याला दवाखान्यात जाऊ देत नव्हता, गेला तर परत यायचा नाही म्हणून. पारूबाई बाजाराच्या निमित्ताने निघाली, वाटेत दोन भट्ट्यांवर विचारलं, आम्हा दोघांना ठेवून घेता का. दोन्हीकडे एकच उत्तर, चिठ्ठी आण. मग कुणीतरी तिला लिंबाची वाट दाखवली.

तुम्ही तिला घेऊन एसटीने माझ्या भट्टीवर आलात. ऊन तापलेलं होतं, तुमच्या सदऱ्याची पाठ ओली. मी पाणी मागवलं. तुम्ही पाणी न पिता बोलायला लागलात की या दोघांची नावं तुझ्याकडे लाव, तू ठेवलंस म्हणजे वालूरच्याला सोडावं लागेल, तो तुझ्या शब्दाबाहेर नाही.

मी सवयीने विचारलं, "फारकत?"

तुमच्या आधी बोलली ती. "मालक, ती चिठ्ठी पैदा कुनी केली? तिच्या आधी आमाला निदान पळून तरी जाता येत होतं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मी तुमच्याकडे. त्या क्षणी आपल्याला दोघांनाही कळलं आणि दोघांनाही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

माझी अडचण समजून घ्या. त्या दिवशीही मी तुम्हाला हेच म्हणालो. मीच केलेला नियम मीच मोडला तर कंपनीला दिलेला कागद खोटा ठरतो, नऊ जण अंगावर येतात, वालूरचा भट्टीवाला माल थांबवतो आणि साहेब भिंत अर्धी टाकून उभे राहतात. पण मी नाही म्हणालो नाही. मी वाट काढली. मी म्हणालो, "व्यंकटराव, तुम्हीच लिहा ना एक फारकत. कागद तुमचा, अक्षर तुमचं, अंगठा कुणाचाही. उद्या सकाळी दोघं इथं थापायला बसतील."

तुम्ही हसलात. ते हसणं माझ्या अजून डोक्यात आहे. "ती बाई अडकून पडलीय असं मला लिहायचंय, आन् तू मला ती सुटली असं लिहायला सांगायलास."

"लिहिलं तर सुटंल की!"

"ती सुटंल. चिठ्ठी पक्की व्हईल."

आणि तुम्ही पाणी न पिताच तिला घेऊन निघून गेलात. मी तुमच्या मागून ओरडलो, काय ओरडलो ते लिहीत नाही. भट्टीवरच्या सगळ्यांनी ऐकलं.

तुम्ही अर्ज केलात. एक तहसीलला, एक कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर. महिन्याभराने साहेबांनी मला बोलावलं आणि तो मला वाचून दाखवला. साहेबांची मराठी अडखळती, पण वाक्यं तुमची, मी डोळे मिटूनही ओळखली असती. सटवाजीचा पाय, पारूबाईची पायपीट, दोन भट्ट्यांवरचं उत्तर, सगळं सरळ. आणि शेवटी: 'सदर नियमातील शब्द माझा असून नियम पुरवठादार किशनराव यांचा आहे. तो आम्ही दोघांनी वाचून, ऐकून, समजून लिहिला. व तो आम्हां दोघांनाही समजला नव्हता.'

साहेबांनी त्या हंगामापुरता माझा पुरवठा बंद केला. लोकांना वाटतं माझा राग त्याचा आहे. धंदा आहे, बसतो, उठतो. माझा राग वेगळा आहे आणि तो मी दुसऱ्या दिवशी लिंबाखाली येऊन, सगळ्या अर्जनविसांसमोर, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला सांगितला. नऊ वर्षांत माझं नाव असलेला एकच कागद तुम्ही मला वाचून दाखवला नाही, आणि नेमका तोच. दुसऱ्याच्या अडखळत्या तोंडून मला तो ऐकावा लागला. का?

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "वाचून दाखवला असता तर तू घासाघीस केली असतीस. आन् तुझ्यापुढं मी ढिला पडलो असतो."

मी आणखी ओरडलो. म्हणालो, मग आता सांगा, फारकत नको तर साहेबाला दाखवायचं काय? माणूस मोकळा आहे हे कशावरून ओळखायचं? तुम्ही अगदी हळू बोललात, मला पुढे वाकावं लागलं. म्हणालात की आपण माणूस येताना मोकळा आहे का ते विचारत बसलो, जाताना मोकळा आहे का ते विचारलंच नाही. दिवाळीनंतर भट्टीवर किती माणसं आली आणि होळीपर्यंत त्यातली किती गेली, ते साहेबांना बघायला सांग. जिथून भर हंगामात एकही माणूस जात नाही, तिथं आत जाऊन बघायला सांग.

"म्हंजे माझी मानसं पळाली तर मी चांगला?"

"बघ, तुझ्या तोंडात शब्द कोणता आला. आपल्याकडं मजूर जातच न्हाई, किशन. पळतोच. मालक जातो, मास्तर जातो, कलेक्टरची बदली व्हती. मजूर तेवढा पळतो."

आपलं शेवटचं बोलणं ते. मी सतरंजीवरून उठलो आणि पुन्हा बसलो नाही.

चौकशी आली, ती सहा आठवड्यांनी. पारूबाई तोवर नवऱ्यासाठी वालूरच्याच भट्टीवर परत गेली होती. कचेरीच्या माणसाने मजुरांना ओळीत उभं केलं आणि मालकाच्या देखत विचारलं, कुणाची जबरदस्ती आहे का? सगळे नाही म्हणाले. सटवाजीही नाही म्हणाला, एका पायावर उभा राहून. कागद 'अधिक चौकशीसाठी' वर गेला. मग पाऊस आला, भट्ट्या विझल्या, आणि वालूरच्याने त्यांना आपणच जायला सांगितलं, कारण पावसाळ्यात खायला कोण घालणार. त्या दोघांना पावसाने सोडवलं, व्यंकटराव. तुमच्या खऱ्या अर्जानेही नाही आणि माझ्या खोट्या चिठ्ठीनेही नाही. नंतर केव्हातरी कचेरीतून त्यांना सुटकेचा दाखला मिळाला म्हणे. म्हणजे पुन्हा कागदच. सटवाजी अजून पाय ओढत चालतो.

मला याचा हिशोब लावून पाहिजे होता. तुम्ही ती चार ओळींची चिठ्ठी लिहिली असती तर सटवाजी त्याच आठवड्यात दवाखान्यात गेला असता. त्याचा पाय तुमच्या खरेपणात गेला असं मी म्हणत होतो. तुम्ही म्हणाला असतात, त्या भट्टीवर आणखी वीस-पंचवीस माणसं होती, त्यांची चिठ्ठी कुणी लिहायची? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पायाचं उत्तर तुमच्याकडेही नव्हतं, आणि ते नाही एवढं तरी तुम्ही माझ्यासमोर कबूल करायला पाहिजे होतं. माझी मागणी एवढीच होती. आता ती मी कुणाकडे मांडू?

पुढच्या वर्षी कंपनीने मला परत बोलावलं. माझ्या भावात दुसरीकडे वीट मिळेना. या वेळी नवा छापील फॉर्म होता, त्यात 'होय' आणि 'नाही' अशा चौकटी. मी साहेबांना तुमचं म्हणणं सांगितलं. तुमचं नाव न घेता सांगितलं, एवढा मी कोता. म्हणालो, किती आले ते विचारता तसं हंगामात किती गेले तेही विचारा. साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण त्यासाठी रकाना नाही."

मग मीच माझा रकाना केला. फारकतीचा नियम मागे घेतला. पुन्हा ताडकळसचं तेच हॉटेल, तेच नऊ जण. मी म्हणालो, यापुढे माझ्यामार्फत माल द्यायचा असेल तर कुणाकडे चिठ्ठी मागायची नाही आणि जाणाऱ्याला अडवायचं नाही. सात जण चहा अर्धा टाकून उठले. एक जाता जाता म्हणाला, "त्या अर्जनविसानं शेटला पार अर्जदार करून सोडलं." दोघे राहिले. त्यातला एक खरंच पटलं म्हणून राहिला की त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मी चौकशी केली नाही. कंपनीला उरलेला माल इतरांनी दिला. चौकटीत 'होय' लिहून दिला.

हे सगळं तुम्हाला सांगायला मी यायला पाहिजे होतं. कचेरीवरून जायचो तेव्हा दिसायचात. चष्म्याची काच जाड झालेली, कागद डोळ्यांजवळ धरून वाचून दाखवत असायचात. मी दोनदा मोटारसायकल हळू केली. एकदा तुम्ही मान वर केलीत. मला वाटलं, आधी तुम्ही हाक मारावी. तुम्हाला वाटलं असेल, आधी मी गाडी थांबवावी. दोघेही समोरच्याचा भाव उतरायची वाट बघत बसलो. या धंद्यात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट माहीत असते, फार ताणलं की बाजार उठतो. मला ती माहीत होती.

आता कालचं सांगतो. सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला यातलं काही कळणार नाही.

ताडकळसच्या रस्त्यावरच्या माझ्या भट्टीवर चंद्रभागा आणि तिचा नवरा आहेत. होते. माझ्याकडच्या सगळ्या माणसांत त्यांच्याइतकी सरळ वीट कुणाच्या साच्यातून निघत नाही. भट्टी अर्धी रचून झालेली, कच्च्या विटा कमी पडतायत, पुढच्या आठवड्यात पेटवायची. अशा वेळी काल सकाळी चंद्रभागा आली. नवरा चार पावलं मागे उभा.

"आमी उद्याच्याला चाललो, मालक."

मला वाटलं, रजा मागायला आली आहे. मी म्हणालो, भट्टी पेटू दे, मग विचार. ती म्हणाली, "इचारायला न्हाई आले. सांगायला आले."

माझ्या डोक्यात जाळ झाला. तुम्हाला माझा राग माहीत आहे. पण तोंड उघडलं आणि मला कळलं की माझ्या हातात अडवायला काही नाही. चिठ्ठी नाही, बोलायला नियम नाही. मग मला जे येतं ते मी केलं. घासाघीस केली. पाण्याजवळची झोपडी देतो म्हणालो. तिने मान हलवली. वर नवे पत्रे टाकून देतो. नाही. थापायच्या दरात वाढ. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे, नाही. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "कारन हाय. पन ते आमचं हाय."

अर्धा तास मी तिच्याशी बोललो. इतकी वर्षं मजूर ठेवले, कामाला लावले, रागावलो, समजूत घातली, पण मजुराशी सौदा मी काल पहिल्यांदा केला. ज्याला उठून जाता येतं त्याच्याशीच सौदा होतो, बाकी सगळा हुकूम असतो. आणि तो पहिलाच सौदा मी हरलो. एका विटा थापणाऱ्या बाईकडून, भर हंगामात, सगळ्यांच्या देखत.

आज सकाळी ती दोघं बोचकी घेऊन फाट्यावर जाऊन बसली. फाटा भट्टीवरून दिसतो. एसटीचा पत्ता नव्हता. अजून एकदा जावं, आणखी थोडं वाढवून सांगावं, निदान दरडावून पाहावं, माणसं बिथरतात, ऐकतात, हे सगळं मला येतं. मुकादम दोनदा येऊन विचारून गेला, बघू का जाऊन? मी नाही म्हणालो. तुमच्या नावाने मनात शिव्या दिल्या, मेलेल्या माणसाला देऊ नयेत तसल्या. एसटी दोन तास उशिरा आली. तेवढा वेळ मी जागचा हललो नाही. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं, हे तुम्हाला सोडून मी कुणाला सांगू?